दाजींचं गाऱ्हाणं

आमच्या चाळीतून कुणी कायमचं जायला निघालं की टेम्पोवाल्याला ताटकळावं लागे. लालबागच्या टेम्पोवाल्यांना हे ठाऊक होतं, त्यामुळे ते भाडं ठरवतानाच तसं ठरवत. सामान चढायचं, कपाटाच्या आरशाला गोधडी गुंडाळून व्हायची, सिलिंडर आडवा ठेवू नका असं जो तो सांगून जायचा, तरी गाडी हलायची नाही. कारण दाजी परब अजून आंघोळ करून खाली उतरलेले नसायचे.

मग ते यायचे. पांढरा लेंगा, घडीचा शर्ट, हातात शेंडी ठेवून सोललेला नारळ. आमच्या जिन्याखाली शेंदराचा मारुती आहे. त्याच्यापुढे पानसुपारी आणि नारळ मांडायचा, चपला बाजूला सारायच्या, डोळे मिटून हात जोडायचे आणि घसा साफ करून म्हणायचं, "बा देवा म्हाराजा."

की जो जिथे असेल तिथून म्हणायचा, "व्हय म्हाराजा." दाढी करणारा गालाला साबण तसाच ठेवून म्हणायचा. पोळ्या लाटणारी लाटणं थांबवून म्हणायची. तिसऱ्या माळ्यावरून खाली वाकलेल्या बायका कठड्याला पोट टेकवून म्हणायच्या.

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. देवापुढे उभं राहून, सगळ्यांच्या वतीने, मोठ्या आवाजात, घरच्या भाषेत केलेलं ते मागणं. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. होकार आल्याशिवाय मागणारा पुढे सरकत नाही. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे देवाला नमस्कार करतात, त्याच्याशी इतकं बोलत बसत नाहीत. लग्न होऊन या चाळीत आले तेव्हा पहिलं गाऱ्हाणं ऐकून मला वाटलं, खाली कुणाचं तरी भांडण लागलंय आणि सगळे मिळून एकाच माणसाची बाजू घेतायत.

पुढे सवय झाली, पण ते "व्हय म्हाराजा" माझ्या तोंडातून काही निघेना. मी शाळेत शिकवते. प्रार्थनेच्या वेळी पोरं डोळे मिटतात आणि बाई डोळे उघडे ठेवून कोण चुळबुळ करतंय ते बघते, अशी माझी सगळी हयात गेली. मी नुसते ओठ हलवायचे. दाजींनी ते पहिल्याच वर्षी पकडलं.

"मास्तरणीबाय," जिन्यात मला अडवून ते म्हणाले, "तुमचा तोंड हलता ता दिसता. आवाज येणा नाय."

"मनात म्हणते मी, दाजी."

"मनात म्हणूचा तर देवळात जावा. हयसर आवाज लागता."

तेवढ्यावर त्यांनी मला सोडलं. सोडलं म्हणजे काय, पुढची सगळी वर्षं प्रत्येक गाऱ्हाण्याच्या आधी एकदा माझ्याकडे बघायचे आणि मग डोळे मिटायचे.

उमेदीच्या वयात दाजी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि नीट चिकटेपर्यंत गिरणीच बंद पडली. मग फोर्टातल्या एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन झाले आणि तिथूनच रिटायर झाले. जाळीच्या दाराची लिफ्ट होती ती. आत एक उंच स्टूल, त्यावर दाजी. दिवसभर माणसांना वर न्यायचं आणि खाली आणायचं, यात त्यांना कधी कंटाळा आल्याचं मी ऐकलं नाही. त्यांना माणसं माळ्यावरून लक्षात राहत. नावाशी त्यांना कर्तव्य नसे. "तिसऱ्याचो वकील, तेका साखर आसा. पाचव्याची टायपिस्ट, तिचा ठरलेला लगीन मोडला, आठ दिस कोणाशी बोलाक नाय." ही माहिती ते काढत नसत, ती त्यांच्यापाशी आपोआप जमा होई. चार भिंतींत माणूस दोन मिनिटं उभा राहिला की काहीतरी बोलतोच, असं त्यांचं म्हणणं.

रिटायर झाल्यावर ते स्टूल त्यांनी साहेबांकडून मागून आणलं आणि पहिल्या माळ्याच्या जिन्याच्या तोंडाशी ठेवलं. त्यांची खोली तिथेच, जिन्याला लागून. तिची खिडकी बरोबर मारुतीच्या डोक्यावर उघडते. संध्याकाळी दाजी स्टुलावर बसायचे आणि वर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, "काय, वर?" माणूस दमलेला असला तरी दोन वाक्यं टाकून जायचा. बोलणं संपलं की दाजी उजवा हात हवेत आडवा ओढायचे, जाळीचं दार लावल्यागत, आणि म्हणायचे, "चला, सुटली." याचा अर्थ तुम्ही आता जाऊ शकता.

वर्षातून एकदा, तुळशीच्या लग्नाला, खालच्या चौकात सगळ्या चाळीचं मोठं गाऱ्हाणं व्हायचं. त्यात दाजी एकेक बिऱ्हाड घ्यायचे. कागद नाही, काही नाही, तोंडपाठ. "राण्यांच्या थोरल्याची नोकरी पक्की होवंदे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. "मोऱ्यांच्या म्हातारेच्या डोळ्याचा ऑपरेशन झाला हा, तिका सुई ओवताना दोरो दिसांदे रे म्हाराजा." व्हय म्हाराजा. असं करत करत एका वर्षी माझ्यापर्यंत आले. "आमच्या मास्तरणीबायच्या चेडवाक फिजिक्स जड जाता, ता हलक्या होवंदे रे म्हाराजा." आणि अख्ख्या चाळीने त्याला व्हय म्हटलं.

मुलीला फिजिक्समध्ये कमी पडलेत हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पोरीने जिन्यात कधीतरी दाजींपाशी तोंड उघडलं असणार. मला असा संताप आला म्हणता, वाटलं उद्याच दुसरीकडे खोली बघावी. शिक्षिकेच्या मुलीची ही गोष्ट चव्हाट्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या माळ्यावरची इंजिनिअरिंगची मुलगी आपली जुनी पुस्तकं घेऊन दारात उभी. "काकू, मी शिकवू का हिला?" परीक्षेपर्यंत रोज यायची. मला बरं वाटलं, हे मान्य करते. राग गेला असं नाही. दोन्ही राहिलं, आणि या चाळीत राहणं म्हणजे हे दोन्ही, असं मी समजून घेतलं.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. सगळी बिऱ्हाडं घेऊन झाली तरी दाजी आपल्या खोलीचं नाव घेत नसत. एकदा विचारलं तर म्हणाले, "वाढणाऱ्यान आपल्या पानात वाढूचा नसता."

गाऱ्हाण्यातून दाजी नुसतं मागत नसत, कामंही उरकून घेत. शंकर आणि मोहन तेली या दोन भावांची गोष्ट सगळी चाळ सांगते. एकाच खोलीत मधे कपाट उभं करून दोन संसार. पोटमाळा कुणाचा यावरून बोलणं बंद झालं ते कित्येक महिने. दोघांच्या बायकाही कपाटाच्या दोन बाजूंना एकमेकींकडे पाठ करून भांडी घासायच्या. हनुमान जयंतीला दाजी मारुतीपुढे उभे राहिले. पाऊसपाणी, आजारपाजार सगळं घेऊन झालं आणि त्याच सुरात म्हणाले, "आणि ह्या दोन भावांच्या मनात जा काय वाकडा आसात ता सरळ कर, आणि उद्याक एकाच्या चुलीवरचा तिखला दुसऱ्याच्या पानात जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," असं चाळ म्हणाली, आणि चाळीत तेलीबंधूही आले. दोघांनी डोळे मिटून, चांगलं खणखणीत म्हटलं. म्हणून झाल्यावर एकमेकांकडे बघायला लागले.

गाऱ्हाण्याला एकदा होय म्हटलं की मागे घ्यायचं नाही, हा आमच्या चाळीचा कायदा. तो कुठे लिहिलेला नाही आणि कुणी मोडल्याचंही मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी शंकरची बायको बांगड्याच्या तिखल्याची वाटी पदराखाली धरून कपाटाला वळसा घालून गेली. चेहरा असा की दंड भरायला चाललीय. पण गेली. पोटमाळ्याचं भांडण तसंच राहिलं, पण वाट्या सुरू झाल्या.

अशा या माणसाला गेली काही वर्षं जास्त करून निरोपाचीच गाऱ्हाणी घालावी लागली. कुणी डोंबिवलीला गेलं, कुणी विरारला, कुणी पनवेलच्याही पुढे. घरं मोठी, मुलांना अभ्यासाला खोली, आणि मुख्य म्हणजे संडासासकट सगळं आत. जाणाऱ्यांना दाजी कधी नाराजीने बोलले नाहीत. त्यांच्यासाठी नळाला पाणी मागायचे, बरे शेजारी मागायचे, आणि शेवटी ठरलेलं एक मागणं असायचं: "आणि हेंचे पाय ह्या दिशेक वळते ठेव रे म्हाराजा." त्यावर जाणारा स्वतः सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हणायचा आणि बहुतेक वेळा रडायचा. मग टेम्पो सुटायचा.

पण कुणाचं नवं घर बघायला दाजी गेले नाहीत. बोलावणी यायची, वास्तुशांतीच्या पत्रिका यायच्या. शालनकाकी, म्हणजे त्यांची बायको, एकट्या जाऊन यायच्या. मी कारण विचारलं.

"मी जावन बघलंय नि माका आवाडला तर?" दाजी म्हणाले. "मगे काय करू?"

काकी दाजींच्या उलट. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या, कामाला वाघ. मसाल्याच्या दिवसांत गच्चीवर मिरच्या पसरल्या की अख्ख्या चाळीच्या मिरच्यांवर यांची नजर. पण गुडघे गेले. आधी गच्ची सुटली, मग बाजार, आणि शेवटी गॅलरी. आता गॅलरी सुटून चालत नाही. आमचे संडास गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे चढायला उंच पायरी.

माळ्यावरच्या बायकांनी काही कमी केलं नाही, हे सांगायला हवं. सकाळी कितीही गर्दी असो, काकी काठी टेकत आल्या की पहिलं दार मोकळं. कुणी बादली आधी नेऊन ठेवायची, कुणी पायरीवर हात द्यायची, कुणी बाहेर उभी राहायची, न जाणो आत तोल गेला तर. मोऱ्यांच्या सुनेने स्वतःच्या पैशाने भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला. नात्यातली माणसं एवढं करत नाहीत.

मुलगा सुधीर बदलापूरला राहतो. फ्लॅट आहे, आईवडिलांसाठी वेगळी खोली आहे, आणि त्या खोलीला लागूनच कमोड. तो दर रविवारी यायचा आणि विचारायचा, "मग कधी?" दाजी म्हणायचे, गणपती होऊ दे. गणपती झाले की दसरा. दसऱ्यानंतर तुळशीचं लग्न, मी नसलो तर गाऱ्हाणं कोण घालणार. मग शिमग्याला गावी जायचंय, आल्यावर बघू. आल्यावर हनुमान जयंती. हिंदू धर्मात सण किती आहेत ते मला दाजींमुळे कळलं.

काकी मधे बोलत नसत. त्यांनी वेगळाच मार्ग काढला होता. दुपारनंतर पाणी प्यायचं बंद केलं. चहाही अर्धा कप. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढ्या सगळ्या माणसांत कुणाच्याच नाही. ताप भरला, उलट्या झाल्या, परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा कळलं. लघवीत जंतू झाले होते आणि ते वर चढले होते. तरुण डॉक्टरीण दाजींना ओरडली. आजीला पाणी पाजा, नाहीतर किडनीवर जाईल, तुम्ही घरात असून तुम्हाला दिसत नाही का?

काकी घरी आल्या त्या दुपारी मी पेज घेऊन गेले होते. दाजी तांब्याभांडं घेऊन त्यांच्या उशाशी बसले होते. "पी गो," ते म्हणाले. काकींनी भांडं हाताने मागे सारलं.

"पिवन जाव खंय?"

दाजींनी भांडं तांब्यावर पालथं घातलं. मी पेज ठेवली आणि निघाले. संध्याकाळी ते स्टुलावर होते, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांना "काय, वर?" विचारत नव्हते. मी आपण होऊन थांबले.

"थंय माका कोण इचारतलो, मास्तरणीबाय?" ते म्हणाले. "हयसर मी दाजी. थंय मी सुधीरचो बापूस."

मी त्यांना काही सांगायला गेले नाही. माझी मुलगीसुद्धा ठाण्याच्या जाहिराती मला फोनवर पाठवत असते आणि मीसुद्धा त्या उघडून बघते, बघून ठेवून देते. मी कुणाला काय सांगणार?

काकींशी मात्र एकदा बोलणं झालं. म्हटलं, सगळ्या बायका किती करतात तुमचं.

"करतत गो. सोन्यासारखी माणसा आसत," काकी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण बाये, मी दिसातून कितक्यांदा गेलंय ता सगळ्या माळ्याक ठावक आसता. माका आता ता नको झाला हा."

त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला राण्यांचं बिऱ्हाडही विरारला जायचं होतं, म्हणून मोठं गाऱ्हाणं आणि निरोपाचं गाऱ्हाणं एकत्र होणार होतं. चौकात तुळशीपुढे ऊस बांधलेले, चिंचाआवळे, चुरमुऱ्यांची परात. काकींना दोघींनी धरून खाली आणलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. दाजींनी माझ्याकडे बघून घेतलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. एकेक बिऱ्हाड झालं. आता पूर्वीइतकी राहिली नव्हती, तरी बराच वेळ लागला. राण्यांचे पाय इकडे वळते ठेवून झाले. "चुकला माकला पदरात घे रे म्हाराजा," म्हणून दाजी संपवायला आले. आम्ही व्हय म्हटलं, म्हणजे बाकीच्यांनी म्हटलं. आता नारळ फुटणार.

तेवढ्यात खुर्चीतून बारीक पण स्वच्छ आवाज आला.

"बा देवा म्हाराजा."

बाईमाणसाने गाऱ्हाणं घातलेलं आमच्या चाळीत कुणी ऐकलं नव्हतं. पण तोंडाला वळण पडलेलं. विचार करायच्या आत सगळी चाळ म्हणाली, "व्हय म्हाराजा."

"ह्या माणसान सगळ्या चाळीसाठी मागल्यान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आपल्या घरासाठी कधी मागूक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"माझे पाय गेले, म्हाराजा. माका पोटभर पाणी पिवचा आसा."

"व्हय म्हाराजा." यावेळी काही आवाज कमी झाले होते. दाजींचे डोळे अजून मिटलेले, हात जोडलेले.

"तर हो तुळशीचो मांडव उठलो की हेका माझ्याबरोबर झिलाच्या, सुधीरच्या घराक येवची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

हे शेवटचं व्हय जवळजवळ एकट्या दाजींचंच होतं. बाकीचे सावध झाले होते. दाजी मात्र इतकी वर्षं दुसऱ्यांकडून होकार घेत आलेले. त्यांना स्वतःला व्हय म्हणायची पाळी आली नव्हती, म्हणून थांबायची सवयही नव्हती. व्हय म्हणून मोकळे झाले, आणि मग डोळे उघडले.

 शंकर तेली म्हणाला, "काकी, ह्या काय धरूचा नाय. बायल माणसान गाऱ्हाणा घालूक..."

"तुझी बायल तिखला घेवन गेली, ता धरलंस मा?" काकी म्हणाल्या.

 सगळे दाजींकडे बघत होते. दाजी काकींकडे बघत होते. मला वाटलं आता हे चिडणार. चिडले नाहीत. त्यांनी नारळ उचलला, तुळशीवृंदावनाच्या दगडावर फोडला, पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "धरूचा. व्हय म्हटलंय मी." मग उजवा हात हवेत आडवा ओढला. "चला, सुटली."

आठवड्याच्या आत सामान बांधून झालं. टेम्पो आला आणि आमच्या सवयीने थांबून राहिला. काकी ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर सगळ्यांत आधी जाऊन बसल्या, मांडीवर पाण्याची भरलेली बाटली. दाजी आंघोळ करून, घडीचा शर्ट घालून खाली आले आणि मारुतीपुढे बाजूला उभे राहिले. जिथे जाणारा माणूस उभा राहतो तिथे.

तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आलं की गाऱ्हाणं घालायला कुणी नाही.

कुणीतरी म्हणालं, मोबाईलवर मिळतात गाऱ्हाणी, लावू का? दाजींनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याने मोबाईल खिशात ठेवला. मग शंकर तेली नारळ घेऊन पुढे झाला. "बा देवा म्हाराजा," म्हणाला. आम्ही थांबलो. पुढचं त्याला येईना. लहानपणापासून ऐकलेलं, झोपेतून उठवलं तरी यायला हवं. पण आम्ही सगळ्यांनी ते व्हय म्हणायच्या बाजूने ऐकलं होतं, मागायच्या बाजूने कुणीच ऐकलं नव्हतं.  दाजींनी त्याच्या हातातून नारळ घेतला आणि मारुतीपुढे ठेवला.

"ऱ्हवांदे रे," ते म्हणाले.

स्टूल टेम्पोत चढलं की नाही ते एकदा बघितलं आणि मागे सामानात जाऊन बसले. त्यांचे पाय इकडे वळते ठेव असं कुणीच म्हटलं नाही. मला फार वाईट वाटलं, आणि मी वर निघून आले.

ते पुन्हा चाळीत आले नाहीत. फोनवर बोलायचे, बरां आसा म्हणायचे. मग माघात सुधीरने सत्यनारायण ठेवला. चाळीतली मंडळी संध्याकाळी जाणार होती. मला शाळेला सुट्टी होती म्हणून मी सकाळीच गेले.

दाजी खाली गेटपर्यंत घ्यायला आले होते. लिफ्टमध्ये शिरलो आणि ते बटणांपाशी पाठ टेकून उभे राहिले. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक बाई आत आली. दाजींनी न विचारता सात नंबर दाबला. "थँक यू, अंकल," ती म्हणाली. दाजींचा उजवा हात दार ओढायला अर्धा उठला, तोवर दार लागलं होतं.

"हेचा दार आपोआप लागता," ते मला म्हणाले. "माका काय काम ठेवल्यानी नाय."

स्टूल त्यांनी लिफ्टबाहेर खाली ठेवायचा प्रयत्न केला होता, सोसायटीने नको म्हटलं. आता ते बाल्कनीत होतं, त्यावर तुळशीची कुंडी.

काकींनी मला बसायला सांगायच्या आधी पाणी दिलं. आणि माझ्यासमोर स्वतःही एक पेला भरून घेतला आणि सावकाश, पूर्ण प्यायल्या. चेहरा भरला होता. भिंतीला धरून का होईना, काठीशिवाय चालत होत्या. मग मला खोलीला लागून असलेलं ते दार उघडून दाखवलं. आत टाइल्स, दांडा, कमोड. काकींनी आतली कडी एकदा लावून उघडून दाखवली. "बघ," म्हणाल्या. मला खरंच आनंद झाला.

पूजा आटोपली. भटजी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेले. सुधीरच्या ऑफिसातले दोघे-तिघे होते, बिल्डिंगमधली चार-पाच माणसं होती, सातव्या माळ्याची ती बाईही होती. सगळे प्रसादाची वाट बघत बसले होते. काकी स्वयंपाकघरात शिरा वाट्यांत भरत होत्या. मी दाराजवळ भिंतीला टेकून उभी होते. तेव्हा दाजी उठले, चौरंगापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले. या वेळी आधी माझ्याकडे बघितलं नाही.

"बा देवा म्हाराजा."

कुणी काही बोललं नाही. पाहुण्यांना वाटलं आरती राहिलीय, एकदोघं उठून उभे राहिले. सुधीर जमिनीकडे बघत होता. दाजी थांबून राहिले.

"व्हय म्हाराजा." स्वयंपाकघरातून काकींचा आवाज आला.

"ह्या बिल्डिंगीत कोण कोण रवतत तेंची नावा माका ठावक नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"सातव्या माळ्याच्या बाईच्या हातात पिशये जड आसतत, तिका उचलूक कोणीतरी मेळांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"चौथ्याचो म्हातारो रोज सकाळी गेटापर्यंत जाता आणि परत येता. तेका खंयतरी जावचा आसा, म्हाराजा. तेका थंय पोचय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." आत वाटीवर चमचा वाजत होता, आवाज चुकत नव्हता.

बिल्डिंग लवकर संपली. दाजींनी श्वास घेतला आणि चाळ धरली. मोऱ्यांची म्हातारी, शंकरचो पोटमाळो, मोहनची चेडवा, मास्तरणीबायच्या घरवाल्याचा ब्लडप्रेशर. एकेक बिऱ्हाड, त्याच क्रमाने, तळमजल्यापासून वर. पाहुणे चुळबुळायला लागले. आतून काकी एकेकाला व्हय म्हणत होत्या. अख्ख्या चाळीचं त्या एकट्याच म्हणत होत्या.

"आणि पयल्या माळ्यार जिन्याच्या बाजूची ती खोली, म्हाराजा," दाजी म्हणाले, "जिची खिडकी तुझ्या मारुतीच्या डोक्यार उघडता."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती खोली घेतली होती. आता ती त्यांचं पान राहिली नव्हती.

"थंय आता कुलूप आसा. जो कोण येतलो तेका ती बरी लाभांदे रे म्हाराजा."

आतून आवाज आला नाही. चमचाही थांबला. दाजी डोळे मिटून, हात जोडून उभे. होकाराशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे ते थांबूनच राहिले. सुधीरने स्वयंपाकघराकडे बघितलं. काकी पाठमोऱ्या ओट्याला धरून उभ्या होत्या, त्यांची पाठ तेवढी मला दिसत होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं असणार, कारण सगळे माझ्याकडे वळले.

दाजींनी डोळे उघडले नाहीत. "इलो आवाज," ते पुटपुटले, आणि त्यांनी पुढचं मागणं सुरू केलं.